चार तुकड्यांची कादंबरी आणि कुमुद

एप्रिल संपत आला की कुणीतरी मला हमखास विचारतं, "मावशी, सुट्टीत पोरांना वाचायला चांगल्या कादंबऱ्या सांगा ना!" मी एक सांगायला तोंड उघडते आणि तिच्यामागून किस्साच बाहेर येतो. त्याचं शेपूट धरून दुसरा. विचारणारा बिचारा हातात पेन घेऊन ताटकळतो आणि शेवटी एकही नाव न लिहिता घरी जातो. माझा काय दोष? आम्ही कादंबऱ्या वाचल्याच अशा, की पुस्तकं कमी लक्षात राहिली आणि भांडणं जास्त!

आणि या सगळ्या किश्शांत कुमुद असतेच. तिला वगळून एक तरी किस्सा सांगावा म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. जमत नाही.

* * *

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात प्रताप नगरातली आमची गल्ली, आणि गल्लीत आम्ही चौघी: मी, बेबी, मंदा आणि कुमुद. तेरा-चौदा वर्षांच्या. परीक्षा संपली की घरच्यांच्या मागे लागून बर्डीच्या बाजारातून एक किशोर कादंबरी आणायची, हा आमचा नेम. पण पुस्तक एक आणि डोळे आठ! पहिलीचं होईपर्यंत बाकीच्यांनी काय माशा मारायच्या?

बेबीला शिवणकाम यायचं. तिने एकदा ब्लेड घेतलं, पुस्तकाची शिवण उसवली आणि कादंबरीचे चार तुकडे करून समोर ठेवले. प्रत्येकीला एक. वाचून झाला की बदलायचा. शाळा सुरू व्हायच्या आधी बेबी सुईदोऱ्याने सगळं पुन्हा शिवणार.

माझ्या बाबांनी ते पाहिलं मात्र, चष्मा कपाळावर चढवला. "हे वाचणं व्हय का खाटकाचं दुकान?"

आमच्यात अजून एक नियम होता. गल्लीच्या टोकाला नळाजवळ सिमेंटचा ओटा होता. संध्याकाळी त्यावर पाणी मारलं की तो गारेगार व्हायचा. जिचे चारही तुकडे आधी वाचून झाले ती ओट्यावर बसणार आणि बाकीच्या खाली, तिच्या तोंडाकडे बघत. "पुढं काय होते वं? सांग ना!" अशा तिच्या विनवण्या करत.

मला त्या ओट्यावर बसायचं होतं. बस्स, एवढंच! सिनेमा नको, नवा फ्रॉक नको. पण दर सुट्टीत ओट्यावर कोण? कुमुद!

* * *

तुकडे वाटायचे चिठ्ठ्या टाकून. कुमुदला बहुतेक वेळा पहिला तुकडा यायचा. मला कधीच नाही.

एकदा एक घोड्याची कादंबरी होती. (नावं आम्ही घेत नसू. घोडेवाली, भुयारवाली, बोटवाली, असाच हिशेब.) मला आला तिसरा तुकडा. त्यात पहिल्याच पानावर नायकाचा घोडा मरतो. मी उशीत तोंड खुपसून रडले. मग कुमुदचा वाचून झालेला पहिला तुकडा माझ्याकडे आला. त्यात तोच घोडा तबेल्यातून निसटतो आणि गावच्या पाटलाचा फेटा खातो. मी पुन्हा रडले. फेट्याच्या प्रत्येक घासाला रडले!

कुमुद दारात उभी राहून बघत होती. "शैले, हा विनोदी भाग हाय वं!"

"तुले काय जाते बोलाले? तू सरळ वाचून राहिली. मले माहीत हाय ना त्याचं काय होणार हाय ते!"

यावर ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "किती छान! मले असं वाचता आलं पाहिजे." आता अशा पोरीचं करायचं काय? भांडायची सोयही ठेवत नव्हती.

* * *

मला दाट संशय होता की कुमुद वाचतच नाही, नुसती पानं उलटते. एवढ्या लवकर माणसाचं जेवण होत नाही, हिचा तुकडा कसा होतो? म्हणून मी बेबी आणि मंदासमोर तिची परीक्षा घ्यायची ठरवली. आदल्या दुपारी भुयारवालीचा एक तुकडा खणून खणून वाचला आणि अगदी कुठले कुठले प्रश्न काढले.

"भुयाराच्या तोंडाशी कोणतं झाड होतं?"

"बिब्ब्याचं."

"म्हाताऱ्याच्या कंदिलाले काय झालं होतं?"

"काच तडकली होती. त्यानं कणीक लावून चिकटवली." मग कुमुद माझ्याकडे वळली आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "पण मले एक समजलं नाही शैले. त्या म्हाताऱ्याले भुयारात पोरगा हाय हे आधीपासून माहीत होतं का? तुले काय वाटते?"

मला काय वाटणार? मी झाडं आणि कंदील पाठ करत होते. म्हाताऱ्याकडे बघायला मला वेळ कुठे होता! बेबी फसकन हसली. त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईने विचारल्यावर ऊन लागलं म्हणून सांगितलं.

* * *

मंदाकडे कूलर आला ती सुट्टी तर विसरणं शक्य नाही. गल्लीतला पहिला कूलर! वाळ्याचा सुवास आणि थंड वारं. दुपारी आम्ही तिघी आपापला तुकडा घेऊन मंदाकडे हजर. मंदाने जागा वाटल्या. कूलरच्या बरोबर समोर कुणाला बसवावं? कुमुदला! "तिले लवकर संपवाचं असते ना वं." मी मात्र दाराशी. तिथे कूलरचं वारं येत नव्हतं आणि बाहेरची झळ बरोबर येत होती.

मी जळत बसले होते. दोन्ही अर्थांनी. तेवढ्यात मंदाच्या भावाने कूलर फुल स्पीडवर केला. उसवलेली पानं ती! कुमुदच्या मांडीवरून भुर्रकन उडाली, खोलीभर फिरली आणि कूलरखालच्या पाण्याच्या टबात जाऊन बसली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं!

मंदाच्या आईने ती पानं निथळवून गच्चीवर नेली आणि कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घातली. आईचा हात जिऱ्या-मिठाचा. पानं परत आली ती कडक होऊन आणि खमंग वास घेऊन. बाकी आम्ही तिघी नाक मुरडत होतो. कुमुदने पान नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "आता जेवणाचं वर्णन आलं तर काय मजा येईल!"

पुढच्याच पानावर जेवणाचं वर्णन होतं. नशीब नशीब म्हणतात ते असं!

* * *

कुमुदच्या मामांचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं. एका सुट्टीत त्यांनी तिला एक कोरी कादंबरी आणून दिली. तिची एकटीची! जाड पुठ्ठा, आत चित्रं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, आता ही महिनाभर दार लावून घेणार आणि आपण हात चोळत बसणार.

संध्याकाळी कुमुद पुस्तक घेऊन ओट्यापाशी आली आणि तिने ते बेबीच्या हातात ठेवलं. "काप."

बेबीसुद्धा दचकली. "अवं, नवं हाय! आधी तू तर वाच."

"मग तुम्ही काय कराल तोवर?" असं म्हणून कुमुदने स्वतःच ब्लेड घेतलं आणि शिवण उसवली!

माझं पुस्तक असतं तर मी हातसुद्धा लावू दिला नसता. हे मला माहीत होतं, आणि बाकी दोघींनाही माहीत होतं. माणसाने इतकं चांगलं असू नये. शेजारच्यांना फार त्रास होतो.

* * *

आणि त्याच पुस्तकाचा हा किस्सा.

गोष्ट अशी: विसू नावाचा मुलगा बापाशी भांडून घर सोडतो आणि जंगल मोजणाऱ्या एका साहेबाच्या तुकडीत सामील होतो. पूर येतो, विसू साहेबाला वाचवतो. इथे तिसरा तुकडा संपतो. चौथा मंदाच्या वाट्याला होता. तिने हात लावायच्या आधीच तो तिच्या वहिनीने गुपचूप वाचायला उचलला आणि लग्नासाठी माहेरी, कन्हानला जाताना पिशवीत घालून नेला. आता वहिनी लग्न आटोपून येईपर्यंत शेवट नाही! आमचे तीन तुकडे वाचून झाले. बेबी रडकुंडीला आली. मंदाने वहिनीशी जन्मभर अबोला धरायचं जाहीर केलं.

तेव्हा कुमुद ओट्यावर बसली. "शेवट मले माहीत हाय. सांगू?"

माहीत असणारच! पुस्तक हिचं. कापायच्या आधी शेवट बघून घेतला असणार, वरून दानशूर झाली, असं मी मनात म्हटलं. पण ऐकायला बसले.

कुमुदने सांगितलं. विसू भर दुपारी घरी येतो. आई अंगणात ज्वारी निवडत असते. ती वर बघते. रागवत नाही, रडत नाही, विचारतही नाही काही. सूप बाजूला ठेवते आणि म्हणते, "पाय धू. तुह्यासाठी भाकर ठेवली हाय." आणि भाकर ताजी असते. कारण ती रोज ठेवत असते.

बेबी रडली. मंदा रडली. मी नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

पुढच्या आठवड्यात वहिनी परत आली आणि बसस्टॉपवर तिला आधी मी भेटले. चौथा तुकडा माझ्या हातात! कुमुदच्या आधी! भर उन्हात कडुनिंबाखाली उभं राहून मी तो वाचून काढला. आणि मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यात अंगण नव्हतं, ज्वारी नव्हती, आईचं नावसुद्धा नव्हतं. साहेब विसूला चांदीचं पदक देतो, सगळे टाळ्या वाजवतात, समाप्त!

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले. चांगली मांडी घालून. तुकडा उंच धरला आणि म्हटलं, "कुमीनं सांगितलं ते सारं खोटं हाय!" मग पदक, टाळ्या, सगळं सांगितलं.



"आन् घरी?" बेबीने विचारलं. "घरी कवा गेला तो?"

"घरचं काही लिहिलं नाही."

"म्हणजे? माय वाट पाहून राहिली ना त्याची!"

"अवं, पुस्तकात नाही ते!"

"मंग पुस्तकवाल्यानंच चूक केली," मंदा म्हणाली. बेबीनेही मान हलवली. दोघीही ओट्याकडे पाठ करून कुमुदकडे सरकून बसल्या. मी वर एकटीच.

मी कुमुदकडे बघितलं. वाटलं, आता तरी हिचं तोंड उतरलं असेल. तर तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिचे डोळे माझ्या हातातल्या तुकड्यावर खिळले होते, आणि ती हात पुढे करून म्हणत होती,

"झालं ना वं तुझं? मग दे ना मले! मी कुठं वाचला अजून!"