बाईंसाठी बांधलेला कीबोर्ड

मानवतला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत बाईंचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथंच टायपिंग शिकले आणि परीक्षा पास झाल्यावर तिथंच शिकवायला लागले. बाई मूळच्या झरीच्या, बागायतदार घरातल्या. ऐन तिशीत नवरा गेला. माहेरी येऊन राहा म्हणून भाऊ मागं लागला होता, पण बाईंनी ऐकलं नाही. दोन जुने टाइपरायटर घेऊन त्यांनी मानवतला खोली केली आणि पोरींना शिकवायला सुरुवात केली.

विद्यापीठाच्या नामांतराचं प्रकरण तेव्हा धुमसतच होतं. बंद पुकारला की एसटी थांबायची, मोंढा सुनसान व्हायचा. असाच ताण असताना एकदा बाईंचे दोन नातेवाईक क्लासात आले आणि म्हणाले, वस्तीतल्या पोरींना सध्या येऊ देऊ नका, उगी बोभाटा होतो. बाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. "माझ्या क्लासात नुसती बोटं बघतात," त्या म्हणाल्या. "ज्याला आडनावं बघायचीत त्यानं पोस्टमन व्हावं." आम्ही सगळ्या पोरी मान खाली घालून टाइप करत राहिलो, पण त्या दिवसापासून बाई म्हणतील ती माझ्यासाठी पूर्व दिशा झाली.

क्लासात कॉम्प्युटर आला तो बाईंच्या भावाकडून. भाऊ आखातात नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्यानं एक काळं यंत्र आणलं, जेमतेम शाळेच्या वहीएवढं. ते टीव्हीला जोडायचं आणि त्याचा प्रोग्राम टेपरेकॉर्डरवरून भरायचा. टेप वाजली की किंचाळल्यासारखा आवाज यायचा, आणि गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहायची. पुढं सगळ्या कचेऱ्यांमध्ये हेच येणार, असं बाईंना वाटायचं, आणि आपल्या पोरींना ते आधी आलं पाहिजे.

पण त्याची बटणं रबराची होती. खोडरबर दाबावं तसं वाटायचं. बोटांना पत्ताच लागायचा नाही, अक्षर उमटलं की नाही उमटलं. टाइपरायटरला अंगठ्याखाली लांब पट्टी असते. इथं तिच्याऐवजी कोपऱ्यात एक पिटुकलं बटण. मान वर ठेवून टाइप करायला शिकलेल्या आमच्या पोरी त्याच्यापुढं बसल्या की एकेका बोटानं टोचायला लागायच्या. वर आमच्या खोलीला पत्रे. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्या रबराखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी वाळून तडकली आणि निम्मी बटणं मेली. परभणीला विचारलं, नांदेडला विचारलं. असली पट्टी कोणी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

"बाई, मी दुसरा कीबोर्ड करते," मी म्हणाले. "खऱ्या बटणांचा. खाली स्प्रिंग असलेला."

"येईल तुला?"

"येईल का न्हाई, सांगता येत न्हाई. पण करते."

टाइपरायटर दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकच्या शेजारी बसून मी पुष्कळ शिकले होते. शिसं वितळवून तारा जोडायला, म्हणजे डाग द्यायला, मात्र येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले काका शिकवायला तयार होते, पण लग्नाची पोरगी रेडिओच्या दुकानात बसते म्हटल्यावर गावाला विषयच मिळाला असता. हे मी बोलले नव्हते, तरी बाईंनी ओळखलं. दुपारी क्लास संपला की त्या सुपात शेंगा घेऊन माझ्याबरोबर यायच्या आणि दुकानाच्या पायरीवर शेंगा फोडत बसायच्या. मी आत धुरात डोळे चोळत तारा चिकटवायची. कोणी टक लावून बघितलं की बाई विचारायच्या, "काय पायजे?" माणूस पुढं जायचा.

बटणं परभणीच्या भंगारात सापडली. कुठल्याशा कचेरीतलं बंद पडलेलं यंत्र लिलावात निघून तिथं आलं होतं. त्याचा कीबोर्ड मी उलटा करून बघितला, तर प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. भंगारवाला म्हणाला, "ये तो मरेली मशीन है आपा. क्या करते इसका?" मी तो पोटाशी धरूनच घरी आणला.

एकेक बटण काढून, रॉकेलनं धुऊन मी ती उन्हात वाळत घातली. माय म्हणायची, कुरडया घालायच्या दिवसांत ही पोरगी बटणं घालायलीय. पत्र्याची डबडी करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडून घेतली. ती चौकोनी करायला मला कानस घेऊन बसावं लागलं. तळहाताची सालटी निघाली. मग तारांचं काम. बाजेची वीण असते तशी आडव्या-उभ्या तारांची जाळी असते ती. बटण दाबलं की एक आडवी तार एका उभ्या तारेला भेटते, आणि कोणत्या दोन भेटल्या यावरून कॉम्प्युटर अक्षर ओळखतो. बंद असला आणि क्लास भरला नाही की माझा अख्खा दिवस त्या विणीत जायचा.

हे काम अर्ध्यावर असताना परभणीच्या एका सरकारी कचेरीतून मला बोलावणं आलं. टंकलेखिकेच्या जागेसाठी मुलाखत. आबा, माझे वडील, शेतातून आले ते हातपाय न धुताच म्हणाले, "जायचं. आपल्या घरात सरकारी नोकरी कोणाला हाय?" मला आनंद झाला होता. तो घेऊन मी बाईंकडे गेले.

बाईंनी ऐकून घेतलं. चहा ठेवला. मग म्हणाल्या, "तिथं जाऊन काय करशील? सायबाची पत्रं बडवशील जन्मभर. आपला कॉम्प्युटरचा क्लास सुरू व्हायलाय. तो तुझा. बाहेर बोर्ड लागंल, त्याच्यावर तुझं नाव लावते. मानवतात आजपर्यंत कोण्या बाईमाणसाचं नाव बोर्डावर लागलंय का?"

"तुमचं तरी कुठं लागलंय बाई?" मी हसून म्हणाले.

"म्हणूनच तर म्हणते."

मी मुलाखतीला गेले नाही. आबा माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत. मी रानात भाकरी घेऊन गेले तरी 'ठेव तिकडं' एवढंच. मला त्यांचं वाईट वाटायचं, पण मनात म्हणायची, बोर्ड लागला की आबांना हाताला धरून दाखवायला नेईन.

कीबोर्ड पहिल्यांदा जोडला तेव्हा ए एस डी एफ दाबल्यावर पडद्यावर क्यू डब्ल्यू ई आर उमटलं. खालची ओळ दाबावी तर वरची यायची. मी रडकुंडीला आले. मग शांतपणे एकेक तार तपासली, तर दोन आडव्या तारांची अदलाबदल झालेली. ती सुधारली. लांब पट्टी एका टोकाला दाबली की दुसरं टोक वर राहायचं आणि ती अडकायची. तिच्या खाली मी मोडक्या छत्रीची काडी वाकवून बसवली. मग ती दोन्हीकडून सारखी खाली जायला लागली. सुताराकडून सागाची चौकट करून घेतली आणि एका सकाळी सगळं टेबलावर मांडलं.

बाई पुढ्यात बसल्या. डोळे मिटले. सरावाचा इंग्रजी परिच्छेद त्यांनी न थांबता टाइप केला, आणि टाइपरायटरसारखाच पण जरा मऊ असा खडखडाट खोलीत भरला. डोळे उघडून पडद्याकडं बघितलं. एकही चूक नव्हती. त्यांनी उठून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, माझ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माझ्या लेकीनं केलं," क्लासातल्या पोरींना त्यांनी सांगितलं. त्या क्षणी मला कोणी दिल्लीची नोकरी दिली असती तरी मी गेले नसते.

त्यानंतर बाईंचा भाचा आला. आखातातल्या त्या भावाचाच मुलगा, माझ्याच वयाचा. पुण्याला कसलासा कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. स्वभावानं वाईट नव्हता. मला 'ताई' म्हणायचा. बाई म्हणाल्या, "सुट्टीला आलाय. त्याला जरा सगळं दाखव." मी दाखवलं. टेप कशी भरायची, आवाज किती ठेवायचा, उन्हाळ्यात यंत्र तापलं की खाली ओली पाटी कशी ठेवायची. चौकट उघडून माझी वीणसुद्धा दाखवली, कुठली तार कुठं जाते ते. त्यानं मन लावून सगळं विचारून घेतलं. मला अभिमानच वाटत होता. आपलं काम असं कोणी समजून घेतलं नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी क्लासात आले तर दारावर पेंटर शिडीवर चढलेला. बोर्ड लागला होता. वर 'कॉम्प्युटर क्लास', खाली 'संचालक', आणि पुढं भाच्याचं नाव, पिवळ्या अक्षरांत. पेंटर शेवटच्या अक्षराची सावली भरत होता. मला बघून म्हणाला, "ताई, सरळ दिसायलंय का?"

"दिसायलंय," मी म्हणाले.

आत बाई आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत पानांकडं बघितलं.

"बाई, बोर्डावर त्यांचं नाव आलंय."

"हां. अगं, पोरगी शिकवती म्हटल्यावर लोक पोरं पाठवायचे न्हाईत. अन् तुझं आज ना उद्या लगीन होईल, तू जाशील. तो घरचा हाय."

"अन् मी?"

"तू काय परकी हायेस का? तू टायपिंग बघ की नेहमीसारखं."

"मी परकी न्हाई, तर मग घरचा म्हणजे काय बाई?"

सुई पानातून आरपार जात राहिली. मला ओरडायचं होतं, पण ज्या बाईनं माझ्यासाठी रेडिओच्या दुकानाच्या पायरीवर दुपार-दुपार काढली तिच्यावर ओरडायचं कसं हे मला येत नव्हतं. चपला घातल्या आणि घरी आले. आबा ओसरीवर बसले होते. काय झालं ते सांगितल्यावर ते मला बोलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जेव आधी." आणि स्वतः उठून पाण्याचा तांब्या भरून आणला.

पाडव्याला क्लासात काय झालं ते पोरींनी येऊन सांगितलं. गावातली मोठी माणसं आली होती. कीबोर्ड कोणी बनवला असं एकानं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आमच्या क्लासातच बनलाय." एवढंच. भाच्यानं बनवला असं त्या बोलल्या नाहीत. पण माझं नावही त्यांच्या तोंडातून निघालं नाही, आणि ऐकणाऱ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

मी पुन्हा क्लासात गेले नाही. उन्हाळा वाढत गेला आणि एका दुपारी बाईच आमच्या घरी आल्या. डोक्यावर पदर, तोंड उन्हानं लाल झालेलं. माय शेतात होती. मी त्यांना ओसरीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं.

"बटणं काम करंना गेलीत," त्या म्हणाल्या. "एक आख्खी ओळच गेली. त्यानं उघडून बघितलं, पण त्याला काय उमजना. तू एकदा येऊन बघ, माय."

कुठला डाग सुटला असेल ते मला बसल्या जागी कळलं. उन्हानं पत्रा ताणला जातो, आणि कडेला जिथं तार वळते तिथला सांधा निघतो. अर्ध्या तासाचंसुद्धा काम नव्हतं.

"येते," मी म्हणाले. "पण एक खरं सांगा बाई. परभणीला मुलाखतीला जाऊ नको म्हणालात, तवा तुमाला माहीत होतं का, भाचा येणार हाय म्हणून?"

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कॉम्प्युटर देतानाच भाऊ बोलला होता. पोराला इथं बसवायचं म्हणून."

"म्हणजे पहिल्यापासून."

"कीबोर्ड अर्धा राहिला असता गं," त्या म्हणाल्या. "तू गेली असतीस तर कोणी पुरा केला असता?"

इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी विसरले नाही. पोरगी आहे, लग्न होईल, लोक काय म्हणतील, हे सगळं मी समजून घेतलं असतं. बाईंचाही नाइलाज असेल, असं मनाला सांगत मी ते दिवस काढलेही होते. पण त्या सुपातल्या शेंगा, पायरीवरचं ते बसणं, "माझ्या लेकीनं केलं" म्हणणं, यातलं किती माझ्यासाठी होतं आणि किती त्या कीबोर्डासाठी, हे आता मला कधीच कळणार नव्हतं. मागच्या चांगल्या आठवणीसुद्धा त्यांनी हातातून काढून घेतल्या.

"मग बाई, दुसरं कोणी बघा," मी म्हणाले.

त्या उठल्या. दारात थांबल्या, उन्हाकडं बघून पदर सारखा केला आणि गेल्या.

दुरुस्तीला शेवटी ते रेडिओवाले काका गेले असं कानावर आलं. सांधा जुळला, क्लास चालला. वर्षा-दोन वर्षांनी भाच्यानं नवीन मोठा कॉम्प्युटर आणला, तोवर मी परत अर्ज करून पूर्णेच्या एका कचेरीत लागले होते. चुडाव्याला खोली घेतली होती, आणि तिथून आगगाडीनं पूर्णेला ये-जा करायची. कामावर मी चांगली होते. पण शेजारच्या टेबलावरच्या बाई मायेनं डबा पुढं करायच्या, तेव्हा घास घेण्याआधी माझ्या मनात यायचं, ह्यांना माझ्याकडून काय हवं असेल? त्यांना काहीच नको असायचं. हे ओळखायला मला फार वेळ लागायचा.

माझं लग्न मानवतलाच झालं. बाईंना पत्रिका आबांनी दिली. मला विचारलं नाही. त्या आल्या, साडी-चोळी घेऊन, आणि रांगेत उभ्या राहून पुढं आल्या. सवयीनं मी वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटल्या. सनई वाजत होती, माणसांची गर्दी होती. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि परत सांगा असं मी म्हणाले नाही.