प्लास्टरचे बाण

युद्ध कुवेतकडे, स्कड क्षेपणास्त्रं पडायची रियाधवर, आणि आम्ही पार दुसऱ्या टोकाला, तांबड्या समुद्राच्या काठच्या गावात. तरी आमच्या इस्पितळाच्या सगळ्या काचांना चिकटपट्ट्या लागल्या, दोन वॉर्ड जखमी सैनिकांसाठी रिकामे झाले आणि सगळ्यांच्या रजा रद्द. जखमी काही आले नाहीत. रिकाम्या खाटांवरच्या चादरी मात्र रोज बदलायच्या! माझं डोकं दिवसभर तापलेलं असायचं. पासपोर्ट इस्पितळाच्या कपाटात, हातात फक्त इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, बाईला गाडी चालवायची बंदी, आणि आता घरीही जायचं नाही. मी साताऱ्याची, चालायला लागले तेव्हापासून डोंगर चढलेली. क्वार्टरच्या खिडकीतून समोर डोंगरांची रांग दिसायची आणि मी नवऱ्यावर खेकसायची.

नवरा हाडांचा डॉक्टर, मी भूल देणारी. आमच्या अँब्युलन्सचे ड्रायव्हर रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ. त्यांना आम्ही भाई म्हणायचो, ते मला डॉक्टरीणबाय. चौदा वर्षं त्यांनी इथे काढली होती, आणि या वर्षी त्यांची आई हजला यायची होती. बाईमाणसाला हजला नवरा, मुलगा, भाऊ असं कुणीतरी बरोबर लागतं. म्हातारीला हा एकुलता एक मुलगा. पासपोर्ट काढून ती तयार बसली होती. अँब्युलन्स पुसतानाही भाईंचं तेच चाललेलं असायचं. मक्केत कुठे उतरवायचं, गुडघे दुखतात तर चाकाची खुर्ची मिळेल का, उन्हाचं कसं करायचं.

मी कटकट करते म्हणून तेच एकदा म्हणाले, "चला, शुक्रवारी डोंगर दाखवतो. तुमचा सह्याद्री नाय, पण डोंगर हाय."

जानेवारीतली सकाळ. गार, कोरडी, ओठ फुटतील अशी हवा. भाईंची पिकअप पायथ्याशी लावून आम्ही तिघं कोरड्या ओढ्यातून वर निघालो. काय ते दगड! काळे, तांबडे, हात लावला तर सोलून काढणारे. झाड म्हणाल तर मधूनच एखादी बाभळ, तिच्या सावलीत बकऱ्यांच्या लेंड्या. वास मात्र असा काही झुडपांचा, की मी अबाया कमरेला खोचून पळतच सुटले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

ओढ्याला सतराशे साठ फाटे. उतरताना चुकायला नको म्हणून आमच्याकडे ट्रेकवाले करतात तेच मी केलं, वळणावळणावर बाण. तिकडे चुना असतो, इथे माझ्याकडे नवऱ्याच्या प्लास्टर रूममधली उरलेली पट्टी होती. कापायची, बाटलीतल्या पाण्यात बुडवायची, खडकावर बाणासारखी चिकटवायची. दहा मिनिटांत दगडासारखी घट्ट. भाई म्हणाले, "बाय, हे कशाला? लढाईचे दिवस हायत." मी म्हटलं, "भाई, तुम्ही रस्त्याचे राजे, डोंगरातलं मला कळतं." शहाणी!

वर खिंडीतून सगळं बंदर दिसलं, जहाजांसकट. आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, खजूर खाल्ले, उतरलो. बाण काढायचे राहिले. खरं सांगायचं तर राहिले नाहीत, मी काढलेच नाहीत. पुढच्या शुक्रवारी उपयोगी पडतील म्हटलं.

शनिवारी दुपारी सैन्याचे लोक इस्पितळात आले. बंदरावर नजर पडते त्या खिंडीकडे जाणारे पांढरे बाण गस्तीला सापडले होते. पट्टी इस्पितळातली आहे हे कुणीही सांगितलं असतं. वाटेवरच्या पेट्रोल पंपावर पिकअप कुणाची ते कळलं होतं. भाईंना अँब्युलन्सच्या सीटवरून उतरवून घेऊन गेले. आणि भाईंनी काय सांगावं? "मी एकटाच होतो." बाईमाणसाचं नाव कशाला गुंतवा, म्हणून.

मला हे कळलं तेव्हा मी रडले नाही, मी चिडले. कुणी सांगितला होता तुम्हाला हा मोठेपणा! मी तशीच ऑफिसात निघाले होते. नवऱ्याने दार अडवलं. "थांब जरा. दोन दिवसांत सोडतील. त्यांचा कफील आहे ना, ज्याच्या नावावर इकामा तो बघेल. आपण बोललो तर आपणही आत, आणि तू बाई आहेस." मी म्हटलं, "बाण मी लावलेत." तो म्हणाला, "म्हणूनच थांब."

आणि मी थांबले. आज नवऱ्याला दोष देणं सोपं आहे, मी पुष्कळ वर्षं दिलाही. पण दार काही कुलूपबंद नव्हतं. मीही घाबरले होते. रविवारी मी दोन ऑपरेशनांना भूल दिली, सोमवारी तीन. मंगळवारी कँटीनमध्ये एकजण म्हणाला, "ड्रायव्हर खलास, हेर निघाला," आणि मी त्याच्यासमोर बसून भात संपवला. थू माझ्यावर.

बुधवारी सकाळी मी नवऱ्याला न सांगता इस्पितळाच्या मुदीरसमोर, म्हणजे बड्या साहेबासमोर, जाऊन उभी राहिले. त्याने सैन्याच्या अधिकाऱ्याला बोलावून घेतलं. मी पट्टी नेलीच होती. मुदीरच्या टेबलावरच्या काचेवर बाण चिकटवून दाखवला, आमच्या देशात वाट चुकू नये म्हणून असं करतात म्हटलं. त्या अधिकाऱ्याने बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. हसला! मला चहा पाजला. म्हणाला, "डॉक्टर, सध्या भूल देणारे मिळत नाहीत. पुन्हा डोंगरात जाऊ नका." झालं. एवढंच.

मी विचारलं, "आणि ड्रायव्हर?"

मुदीरने कागद उलटवले. कफीलला लफडं नको होतं. त्याने मंगळवारी दुपारी सही करून टाकली होती, कायमची रवानगी, परत यायला बंदी. "सही झाली आता," मुदीर म्हणाला, "आणि ड्रायव्हर काय, दुसरा मिळेल." मी ओरडले. मराठीत ओरडले, त्याला काय कळणार? माझा कप काढून न्यायला शिपाई आत आला.

दुपारी भाईंना किल्ल्या आणि गणवेश परत करायला इस्पितळात आणलं. बरोबर सैन्याचा एक शिपाई. चार दिवसांची दाढी, पायात कुणाच्या तरी चपला. स्टोअरच्या बाकावर ते बसले होते. मी जवळ गेले आणि म्हटलं, "भाई, मी सांगितलं त्यांना. बाण माझे होते म्हणून."

"कंदी?"

"आज सकाळी."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बाकावर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "बाय, माजी आय मला बघून काय ते समजून जाईल. पण गाव म्हणेल चोरी करून आला, नायतर दारूत सापडला. म्हातारीचा हज कशानं बुडाला, ते तुमच्या हातानं मराठीत लिवून द्या. शाळेतल्या गुरुजींकडून सगळ्यांसमोर वाचून घेईन."

मी खिशातला प्रिस्क्रिप्शनचा कागद काढला आणि उभ्यानेच लिहिलं. यांनी काही गुन्हा केलेला नाही. डोंगरावर खुणा मी लावल्या. त्या माझ्या आहेत असं मी अधिकाऱ्यांना सांगितलं, पण तोवर यांच्या रवानगीची सही झाली होती. खाली माझं नाव, डिग्री, सही.

"वाचा," भाई म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"सगळं बराबर हाय," ते म्हणाले. "पण मधले चार दिस? ते नाय लिवलंव."

शिपाई घड्याळ बघत होता. मी कागद भिंतीला टेकवला आणि सहीच्या वर जागा नव्हती म्हणून खाली लिहिलं, की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी चार दिवस गप्प बसले.