सर्दीचा कोठा म्हणून सोडलेली पोरगी

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. केव्हा, तेही सांगते. दिवाळीच्या सुट्या संपून शाळा भरली त्या पहिल्याच सोमवारी, प्रार्थना झाल्यावर, राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात. ती तेव्हा सातवीत होती.

तपासणीचं पथक आलं होतं. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, थांबले, पुन्हा लावली. "दम लागतो का गं?" असं विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत वर्गशिक्षिका बोलल्या, "सर्दीचा कोठा आहे सर तिचा, प्रकृतीच कफाची. घरचेच सांगतात." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पोरीला बोलावलं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. म्हणूनच कुणाला तो अन्याय वाटला नाही.

हा सर्दीचा कोठा आला कुठून? आमच्याच घरातून. बहीण लहान असताना अंगणवाडीत लस द्यायला आलेल्या नर्सबाईंनी मायला सांगितलं होतं, "पोरीच्या छातीत आवाज येते. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

माय आधी इकडेतिकडे पाहून म्हणाली, "हळू बोला जी बाई."

आमच्याकडे पोरगी पाहायला पाहुणे येतात ते आधी शेजारच्या ओसरीवर पाणी पितात. पाणी हे निमित्त. पोरगी कशी, आवाज कसा, काही दुखणं आहे का, सगळं तिथंच विचारून घेतात. छातीत आवाज असलेली पोरगी त्या ओसरीवरूनच परत जाते. म्हणून मायनं सगळ्या मोहल्ल्यात एकच सांगितलं, सर्दीचा कोठा आहे. सांगता सांगता तिलाही ते खरं वाटायला लागलं.

कापूस वेचायला माय, बहीण आणि मी अशा तिघी जायचो. कमरेला ओटी बांधायची, तासाला, म्हणजे कापसाच्या ओळीला, लागायचं. बहीण ओळीच्या मध्यावरच खाली बसायची. ओठ पांढरे पडलेले. बाकीच्या बायांना तोंडाला विषय मिळायचा.

"बसली वो महाराणी."

"तिले पंखा लावून द्या कोनी."

बायांची पाठ फिरली की माय आपल्या ओटीतला कापूस मूठमूठ काढून बहिणीच्या ओटीत भरायची. संध्याकाळी वजन करताना बहिणीचं गाठोडं कुणापेक्षा हलकं भरायचं नाही. मग बाया म्हणायच्या, "पाहा, वेचते तर बराबर. नुसतं सोंग करते." मायची माया अशी नडली. जे दिसायला पाहिजे होतं ते तिनंच झाकून टाकलं.

ती वर्षं कापसाच्या संकटाची. गावात गाड्या यायच्या, पुढारी यायचे, कॅमेरे यायचे. सगळे मेलेल्या माणसाचं घर विचारायचे. जिवंत पोरीला शाळेपर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं, हे पाहायला एकही गाडी थांबली नाही. मी तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनेत पत्रकं लिहायची. बैठकीत हा विषय काढला तर एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हा आरोग्याचा विषय आहे. आपला विषय कापसाचा."

"ती कापूसच वेचते," मी म्हटलं.

त्यानं चहा मागवला.

पुढच्या उन्हाळ्यात बहीण हापशीवर चक्कर येऊन पडली. मी कुणालाही न विचारता तिला एसटीत घातलं आणि यवतमाळला नेलं. मायबाप मागच्या गाडीनं आले. तपासणी झाली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं. जन्मापासूनचं.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ. म्हणाल्या, "यावर एक छत्री मिळते. बारीक तारेची जाळी. नळीत दाबून बसवतात, मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत नेतात. तिथं नळीतून बाहेर आली की आपोआप उघडते. पडद्याच्या या बाजूला एक चकती, त्या बाजूला एक. मधलं छिद्र बंद."

बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होते. म्हणाले, "म्हणजे गाठीवानी. पट्टी तोडली का रुई फुगते."

"तसंच काका. फक्त ही ठरलेल्या आकारातच फुगते."

मायनं दोनच गोष्टी विचारल्या. "जंगते काय ते?" बाई म्हणाल्या, गंजत नाही. "छातीवर चीर दिसन काय?" बाई म्हणाल्या, चीर नसतेच. माय लगेच तयार झाली. मला राग आला. पोरगी जगेल का, हा प्रश्न अजून कुणी विचारलाच नव्हता.

खर्च सरकारी योजनेत बसला. नागपूरला नेलं. छत्री बसवण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी अन्ननळीतून नळी घालून छिद्र नीट मोजलं. बहीण गुंगीतून नीट जागी झाल्यावर ते तिच्या खाटेपाशी आले तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता.

"छत्रीला धरायला काठ लागतो," ते म्हणाले. "हिच्या छिद्राला एका बाजूनं काठ उरलेला नाही. छत्री बसवली तर सुटून जाईल. छाती उघडून शिवावं लागेल."

"आधी आनली असती तर?" बाबांनी विचारलं.

"काही छिद्रं वयाबरोबर वाढतात. हिचं वाढलं असावं. आधी छत्री बसली असती का, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

त्यांना सांगता येत नव्हतं. मला ते आजही झोपू देत नाही. त्या सोमवारी व्हरांड्यात काठ होता की नव्हता?

माय भिंतीला टेकून बसली. "चीर नको," म्हणाली. "घरी घेऊन चाला. पुढं पाहू." मी भांडायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी मला हातानं थांबवलं आणि खाटेवरच्या बहिणीकडे वळले.

"तुला काय वाटतं?"

तिनं आधी आमच्याकडे पाहिलं. सवयच तशी, तिचं उत्तर दुसरंच कुणीतरी द्यायचं. कुणी बोललं नाही तेव्हा ती म्हणाली, "चीर राहू द्या. मले शाळंपर्यंत न बसता जायचं हाय."

मग मायकडे वळून म्हणाली, "अन् तू माह्या ओटीत कापूस नको भरू. बाया मले सोंगाडी म्हनतात."

माय उठली नाही, पण मान हलवली. ऑपरेशन झालं. चीर आहे, गळ्याखालून सरळ. पाहुणे येतील तेव्हा येतील. ती आता शाळेत न थांबता जाते आणि वाटेत माझ्याशी भांडतेही, कारण भांडायला तिच्याकडे श्वास उरतो.

हे वाचणाऱ्या माणसांनो, तुमच्या घरात, शेतात किंवा वर्गात अशी एक पोरगी आहे. ती चालता चालता बसते आणि तुम्ही तिला आळशी म्हणता, नाजूक म्हणता, सर्दीच्या कोठ्याची म्हणता. आज तिच्यासमोर बसा. दम लागतो का, हे तिलाच विचारा. तिच्या वतीनं कुणी बोलायला लागलं तर त्याला गप्प करा. आणि ती हो म्हणाली, तर पाहुण्यांचा विचार करत बसू नका. तिच्या छातीला नळी लावून घ्या, काठ उरला आहे तोवर.