दोन ट्रिगर आणि एक खोकला

बंदुकीच्या नळ्या शेजारी-शेजारी असाव्यात की एकावर एक, या प्रश्नापायी सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं जेवण चुकवलेला माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये एकच असेल, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. समोरच्या पाहुण्याला मुद्दा पटेना, म्हणून मामा प्रात्यक्षिकासाठी केटररच्या स्वयंपाकघरातून दोन गाजरं आणायला गेले. तिथे त्यांनी आधी केटररलाच समजावलं, मग त्याच्या मदतनिसाला. ते गाजरं घेऊन परत आले तेव्हा टेबलं आवरलेली होती आणि नवरा-नवरी निघून गेली होती. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. केटररला पटलं होतं.

मामा भूलतज्ज्ञ. शिक्षण नागपूरला, नोकरी शेवटपर्यंत बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात. पहिला उपाय करताना दुसरा हाताशी तयार हवा, ही त्या कामाची शिस्त. मामांनी ती हॉस्पिटलातच ठेवली नाही, घरी आणली. घरात किटल्या दोन, इस्त्र्या दोन, आणि पाऊस असो वा नसो, बाहेर पडताना छत्र्या दोन. एकदा मला न्यायला स्टेशनवर आले, तेव्हा काचेआड पार्किंगची दोन तिकिटं लावलेली होती. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "एक उलटं पडलं तर, जावईबापू?" भाचीच्या नवऱ्याला अहो-जाहो करणारे मामा आता फार उरले नसतील. पण मामांच्या 'तुम्ही'मध्ये आदर कमी आणि रुग्णाशी बोलण्याची सवय जास्त आहे. तुम्ही आता दहापासून उलटे आकडे मोजा, असं ते कोणत्याही क्षणी सांगतील, असं मला अजूनही वाटतं.

अशा माणसाला दुनळी रायफल आवडावी, यात नवल नाही. एका दस्त्यावर दोन नळ्या, दोन काडतुसं. पहिली गोळी चुकली तर रायफल खांद्यावरून न हलवता दुसरी झाडता येते. मतभेद पुढे सुरू होतात. नळ्या एकावर एक असल्या की नेम धरायला एकच अरुंद रेघ मिळते, असं एका पंथाचं म्हणणं. त्या पंथाचा पुढारी म्हणजे बर्मिंगहॅममधला एक वयस्कर बंदूक-दुकानदार. मामा त्याच्याकडे महिन्यातून एकदा फक्त भांडायला जात. मामांचं उत्तर ठरलेलं होतं. एकावर एक नळ्यांची रायफल भरायला फार वाकवून उघडावी लागते, आणि खालच्या नळीतलं काडतूस काढताना बोटांची कसरत होते. "ते फ्लॅट झाले," ते म्हणत. "शेजारी नळ्या म्हणजे सेमी-डिटॅच्ड. मधली भिंत एक, पण दोघांना आपापलं दार."

ट्रिगरवर तर ते हळवेच होत. एका ट्रिगरच्या अनेक रायफलींत दुसरी नळी तयार व्हायला पहिल्या गोळीचा धक्का लागतो. पहिलं काडतूस पेटलंच नाही तर धक्का बसत नाही, आणि मग दुसरी नळीही गप्प राहते. म्हणजे खरी गरज असते तेव्हाच ती रजेवर, असं मामा म्हणत. त्यांच्या रायफलीला ट्रिगर दोन. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. दुकानदार म्हणे, कडाक्याच्या थंडीत हातमोज्यातल्या बोटाला मागचा ट्रिगर सापडत नाही. मामा म्हणत, ज्याला स्वतःचं बोट सापडत नाही त्याने घरी बटाटे सोलावेत. पण एरवी न सांगितलेलं एक कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. बोट पुढच्या ट्रिगरवरून मागच्यावर जाईपर्यंत माणसाला क्षणभर विचार करता येतो, आणि तेवढा क्षण ते कुठल्याही यंत्राला द्यायला तयार नव्हते.

श्रॉपशरमधल्या एका शेतकऱ्याच्या रानात हरणं फार वाढली होती, आणि ती मारायची रीतसर परवानगी मामांना होती. तिथे त्यांच्याबरोबर मामी जात. मामी पूर्ण शाकाहारी. हरणाचं मांस घरात येऊ देत नसत. गॅरेजमध्ये त्याचा वेगळा फ्रीझर होता आणि त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. पण नवऱ्याला एकटं सोडलं तर तो डबा उघडत नाही, या अनुभवावरून त्या थर्मास आणि थालीपीठं घेऊन रानात बसायच्या. दोघांत एक करार होता. मामी खोकल्या तर मामांनी गोळी झाडायची नाही, आणि कारण विचारायचं नाही. मामी कधी खोकत, याचा मामांनी पुष्कळ अभ्यास केला. कधी हरीण गाभण असे, कधी त्याचा चेहरा मामींना आवडलेला असे, आणि एकदा तर चहा गार होत होता. "माझ्या रायफलीला लायसन्स लागतं," मामा म्हणत, "खरं म्हणजे हिच्या खोकल्याला लागायला हवं." इतक्या वर्षांत त्यांनी जितकी हरणं मारली त्याहून अधिक मामींनी खोकून वाचवली असतील. शेतकऱ्याने एकदा नाजूकपणे सुचवलं, की बाईंना रानातली हवा मानवत नसावी.

मामी गेल्या. मामा रानात जातच राहिले.

गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या मुलीचा मेडनहेडहून मला फोन आला. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी बोलते, पण दमत दमत. "जिजू, बाबा जंगलात कोणाशी तरी बोलतो," ती म्हणाली. "मी फोन केला तेव्हा मला म्हणाला, थांब, तुझी आई खोकली. त्याच्या हातात लोडेड रायफल असते. आय कान्ट जस्ट लीव्ह इट." त्याच्या डॉक्टरला सांगावं तर रायफलीचा परवाना जाणार, आणि रायफल गेली की बाबा घराबाहेरच पडणार नाही, ही तिची अडचण. "त्याच्याकडे आता हा एकच आवड राहिलाय. तू एकदा त्याच्याबरोबर जा. जे बघशील ते सांग. मग मी ठरवते."

मी वर्तमानपत्रात काम केलं आहे. जाऊन, बघून, जसं आहे तसं सांगायचं, हे काम मला नवं नव्हतं. मामा गाडी चालवत होते. मोटरवे सोडल्यावर त्यांनी विचारलं, "मुलीने पाठवलंय ना?" मी हो म्हणालो. "बरं केलं," ते म्हणाले, आणि पुढचा सगळा रस्ता मला काडतुसांच्या पितळेबद्दल सांगत राहिले.

पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि धुकं होतं. रानातल्या बसण्याच्या जागेला हाय सीट म्हणतात. झाडाला टेकवलेली शिडी आणि वर जेमतेम दोघांपुरता लाकडी बाक. मामा आधी चढले. मी वर पोचलो तर त्यांनी बाकाच्या डावीकडे एका माणसाची जागा सोडली होती आणि मला उजवीकडे बसायची खूण केली. उजवीकडे उरली होती एक फळी आणि कठडा. जरा सरकता का, असं मी विचारायला हवं होतं. पण मामांचा कोपर त्या रिकाम्या जागेकडे असा जपून दुमडलेला होता, की मी विचारलं नाही. अर्धा हवेत, अर्धा बाकावर, मी तसाच बसून राहिलो.

रान अगदी शांत होतं. पानांवरून पाणी ठिबकत होतं, पण थेंब पडल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. मामांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि ते माझ्याकडे न देता डावीकडे फळीवर ठेवलं. मग दुसऱ्या कपात मला दिला. फळीवरच्या चहाची वाफ सरळ वर जात होती. एकदाच ती बाजूला झुकली, कोणी जवळ तोंड नेल्यासारखी. वारा असेल. माझ्या कपाची वाफ सरळच होती.

धुकं विरळ झालं आणि समोरचा मोकळा पट्टा दिसू लागला. त्याच्या टोकाला मातीचा बांध होता. बांधापलीकडे, बरीच खाली, फिरणाऱ्यांची पायवाट. मामा फक्त त्या बांधाच्या पार्श्वभूमीवर गोळी झाडत, म्हणजे चुकली तरी मातीत जावी. तेवढ्यात पट्ट्यावर एक हरिणी आली. फिकी, जवळजवळ धुक्याच्याच रंगाची. मामांनी रायफल खांद्याला लावली. बोट पुढच्या ट्रिगरवर गेलं. मला हरिणी दिसत होती आणि तिच्यामागे माती. दुसरं काही नव्हतं.

मामांनी बोट काढून घेतलं.

मला खोकला ऐकू आला, असं मी लिहिणार नाही. हरिणीने मात्र मान वर केली आणि दोन्ही कान आमच्याकडे वळवले. नीट सांगायचं तर आमच्या थोडं डावीकडे. आम्ही दोघेही हललो नव्हतो.

मग बांधाच्या वर, हरिणीच्या बरोबर मागे, एक डोकं वर आलं. मग खांदे, मातीच्याच रंगाचा रेनकोट, हातात कुत्र्याचा रिकामा पट्टा. हरिणी उडी मारून नाहीशी झाली. ती बाई पायवाट सोडून बांध चढून आली होती. आम्हाला पाहून तिने मुळीच न दचकता सुप्रभात म्हटलं आणि एखादा स्पॅनिएल कुत्रा पाहिलात का, असं विचारलं. मामांनी नाही म्हणून सांगितलं, आणि धुक्यात वाट सोडू नये असंही. तिने आभार मानले आणि कुत्र्याला हाका मारत ती उतरून गेली.

मामांनी रायफल वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. मी म्हणालो, थोडक्यात वाचली. म्हणालो, मामा, तुम्ही थांबलात म्हणून.

"मी खोकल्यामुळे थांबलो," ते म्हणाले. "ती बाई मला दिसलीच नव्हती."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो. बाई तेव्हा मलाही दिसली नव्हती, कोणालाच दिसली नसती. त्यांनी हात वर केला. "रुग्ण वाचला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही, जावईबापू. ऑपरेशन थिएटरमध्ये मी असं कोणाला चालू दिलं नसतं." शिडी उतरताना ते सावकाश उतरले, मध्ये एकदा थांबून वर पाहिलं आणि कोणी मागून येत असल्यासारखी उतरायला वाट सोडली.

मुलीला फोन गाडीतून त्यांनी स्वतःच केला. तुम्ही सांगितलंत तर त्याची बातमी होईल, म्हणाले. जे झालं ते त्यांनी तिला क्रमाने सांगितलं. काही वाढवलं नाही, खोकलाही वगळला नाही. रायफल आज दुकानदाराकडे देतो आणि परवानाही परत करतो, असं म्हणाले. स्पीकरवर ती म्हणाली, "बाबा, तू बरोबर केलंस."

"केलं नाही," मामा म्हणाले. "बरोबर झालं. यात फरक आहे, बेटा."

दुकानदाराने रायफल घेतली, उघडून पाहिली, दोन्ही ट्रिगरवरून अंगठा फिरवला. आता हा काही बोलेल म्हणून मामा काउंटरला कोपर टेकून तयार उभे होते. तो म्हणाला, फार चांगली ठेवली आहे, डॉक्टर. एवढंच. बाहेर पडल्यावर मामा फुटपाथवर थबकले. "भांडला नाही," ते म्हणाले.

मुलीची भीती मात्र खरी ठरली नाही. मामा अजून त्या रानात जातात. आता बांधापलीकडच्या पायवाटेने, रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं भडक नारिंगी जाकीट घालून. एक जाकीट जास्तीचं पिशवीत असतं. इतकी वर्षं ज्या वाटेकडे गोळी जाऊ दिली नाही, ती कुठे जाते हे ठाऊकच नव्हतं, म्हणतात. ती एका चर्चपाशी जाते, आणि तिथे बाक आहे. मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर होतो. वाटेत एका ठिकाणी बांध खचलेला आहे आणि तिथून झाडांमधून ती हाय सीट दिसते. मामा तिथे उभे राहिले. मी विचारलं, काय दिसतंय.

"रिकामी आहे," ते म्हणाले, आणि चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर, मागे न वळता, म्हणाले, "बहुतेक वेळा असते."