गेज मॅडमची खरखर

गेज मॅडम कोणाच्याही आकड्यावर विश्वास ठेवत नसत. स्वतःच्या तर मुळीच नाही. देहूरोडला वाढलेल्या. वडील पिंपरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात. "बाबा सांगायचे, आधी मोजायचं गेज तपास, मग मालाला नावं ठेव," हे त्या इतक्यांदा म्हणत की ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव मागे पडलं.

लेझरचा प्रकाश कितीही स्थिर दिसला तरी त्यात बारीक खरखर असतेच. नखाएवढ्या चिपवर कोरलेल्या कड्यात तो फिरवून ती खरखर नेहमीच्या पातळीखाली दाबायची, म्हणजे स्क्वीझ्ड लाइट तयार करायचा, हा मॅडमचा ध्यास. मी त्यांचा संशोधक विद्यार्थी. मोजमाप गुरुवारीच. त्या दिवशी आसपासच्या कंपन्यांना सुट्टी. जमीन कमी थरथरते.

अशाच एका गुरुवारी पडद्यावरची खरखरीची रेघ नेहमीच्या पातळीखाली गेली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळांचं काम तपासायला समिती येणार होती. निकाल नसेल तर प्रयोगशाळेची खोली जाणार होती.

"मॅडम, पेढे आणू?"

"बस खाली. प्रकाश दुप्पट कर."

प्रकाश दुप्पट झाला की साधी, न दाबलेली खरखरही दुप्पट व्हायला हवी. ती हलेना. प्रकाश आधीच जास्त झाल्यामुळे तो मोजणारा डिटेक्टरच गुदमरला होता. रेघ खोटी होती.

"उद्यापुरती दाखवू या ना," मी म्हणालो.

"दाखव की. खाली माझं नाव नको."

समितीसमोर त्यांनीच सगळं सांगून टाकलं. प्राचार्य वैतागले. "मॅडम, निदान गप्प तरी बसायचं!"

"सर, आमचा डिटेक्टर गप्प बसला म्हणून तर चूक झाली. आता मीही बसू?"

खोली गेली. टेबल जिन्याखालच्या अडगळीत आलं. वर मुलं धावली की कड्याची जुळणी सुटायची, मॅडम पुन्हा जुळवायच्या. वर्षभराने रेघ पुन्हा खाली गेली, इवलीशी. प्रकाश निम्मा केला, दुप्पट केला. साधी खरखर हिशेबात हलली आणि रेघ प्रत्येक वेळी तिच्या खालीच राहिली. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. "हं. आता लिही," एवढंच म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकसभेत प्राचार्य हळहळले, "थोडं जुळवून घेतलं असतं, तर खोली टिकली असती."

मी सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिलो.

"टिकली असती, सर. आत खोटी रेघ असती."

मी माफी मागितली नाही.