दर आठ दिवसांचं कार्ड

बाजारातल्या दुकानदार भावांनो, फळ्यावर हे लावतो आहे, उभ्याउभ्या वाचून जा.

मी संत्र्याची कलमं विकतो. गिऱ्हाइकांनी विसरू नये म्हणून दर आठ दिवसांनी सगळ्यांना छापील पोस्टकार्ड पाठवून राहिलो होतो.

आज दुपारी रामाकोना गावची एक जुनी गिऱ्हाईक बाई आली. तिने कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"बाबाजी, मले वाचता येत नाही. कार्ड आलं की मास्तराकडे पळत जात होती. दर खेपेला तुमचीच कलमं! मास्तर म्हणे, 'काकू, अजून किती बगीचे लावता?' मंग मी नेणंच सोडलं."

गठ्ठ्यात एक कार्ड हाताने लिहिलेलं होतं. सावरगावच्या तिच्या भावाने लिहिलं होतं, की तब्येत बिघडली आहे, एकदा भेटून जा. भाऊ गेल्यावर मास्तराने गठ्ठा चाळला, तेव्हा ते सापडलं.

ती रडली नाही. "माझं नाव तेवढं खोडा," म्हणाली.

मी खोडलं. बाकीच्या यादीतले किती जण दुसऱ्याकडून वाचून घेतात, मला माहीत नाही. वर्षातून एकदाच, लावणीच्या आधी पाठवावं म्हणतो.

तेही जास्त होईल का? तुम्ही किती पाठवता?