मुंगीबाईंचा दंड

आमच्या लसीकरण केंद्रातल्या मोठ्या सिस्टरना कुणीच सिस्टर म्हणत नाही. त्या मुंगीबाई. सोळा वर्षं सुई टोचण्याआधी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं आहे, "काही नाही हो, मुंगी चावते तेवढंच." लहान पोरं तर "मुंगीकडे नाही जायचं" म्हणून दाराची चौकट धरून बसतात.

दुसरी ख्याती त्यांच्या मोजणीची. "तीन म्हटलं की देते हं," असं सांगायचं आणि दोनलाच देऊन मोकळं व्हायचं. माणूस तीनसाठी दंड आवळायच्या बेतात असतो, तोवर बाई कापूस दाबून पुढच्याला हाक मारतात. दंड सैल असताना टोचलं की दुखत नाही, हे त्यांचं शास्त्र.

मी तिथे नोंदणीच्या कॉम्प्युटरवर बसतो. कर्मचाऱ्यांच्या बूस्टर डोसची यादी माझ्याच स्क्रीनवर. अकरा ओळी. दहा हिरव्या, एक लाल. लाल ओळ कुणाची, हे फक्त मला आणि त्या ओळीला माहीत होतं. म्हणजे बाईंना.

"बाई, आज घेऊन टाका ना," मी दर सोमवारी म्हणायचो.

"आज सर्दी आहे रे."

पुढच्या सोमवारी, "नणंद यायचीय. ताप आला तर तिचं कोण करणार?" त्याच्या पुढच्या, "दोन झालेत की. किती टोचून घ्यायचं माणसानं?"

ही सगळी कारणं लोकांची. बाई दिवसभर ती एकेक करून खोडून काढायच्या आणि संध्याकाळी त्यातलंच एखादं झटकून-पुसून मला द्यायच्या. खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. ट्रेनिंगला असताना मैत्रिणीनं सरावासाठी सुई टोचली आणि बाई धाडकन आडव्या झाल्या. पहिले दोन डोस त्यांनी लांबच्या केंद्रावर जाऊन, पलंगावर झोपून, तोंडावर रुमाल टाकून घेतले होते.

"माझा उजवा हात वाघ आहे," त्या म्हणाल्या, "आणि डावा ससा. इथे सगळ्यांसमोर पडले ना, तर परत कुणाला मुंगी सांगायला तोंड उरणार नाही."

मग तो बुधवार आला. लसीच्या एका बाटलीत दहा डोस असतात. उघडली की काही तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. डोस फेकायची वेळ आली की बाईंना दिवसभर जेवण गोड लागत नाही. पाच जणांचं झालं होतं. बाकावर चौघं उरली होती. रेल्वेतून निवृत्त झालेले टीसी काका, कोपऱ्यावरचा सलूनवाला, आणि एक शिवणकाम करणाऱ्या वहिनी, सोबत त्यांच्या सासूबाई.

"डोस पाच, माणसं चार," धाकट्या सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या. त्यांना रुजू होऊन महिनाच झाला होता. बिचारीला लाल ओळ कुठून माहीत असणार!

काकांनी जन्मभर तिकिटं तपासलेली. त्यांचे कान टवकारले. "पाचवा बाईंना द्या की. का झालाय त्यांचा? झाला असेल तर दाखवा सर्टिफिकेट."

मी गुपचूप स्क्रीन भिंतीकडे वळवली. पण बाईंना खोटं बोलता येत नाही.

"माझा राहिलाय," त्या पुटपुटल्या.

"विनातिकीट!" काका ताडकन उभे राहिले. "आम्हाला ढकलून गाडीत चढवताय आणि स्वतः फलाटावर?"

"चल गं," सासूबाईंनी पिशवी उचलली. "देणारीच घेत नाही, तर आपल्याला काय पडलंय?"

"माझीच दाढी वाढलेली असती, तर माझ्या खुर्चीत कोण बसलं असतं?" म्हणत सलूनवालाही उठला.

बाईंनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"विनातिकीट म्हणजे दंड पडतो, बाई!" काका गरजले.

"मग घ्या दंड!" बाईंनी डावी बाही वर सरकवली आणि धपकन खुर्चीत बसल्या. "बसा सगळे. भर गं सुई. आणि पडले तर कुणी हसायचं नाही."

"हसणार," सासूबाई म्हणाल्या. पण पिशवी खाली ठेवली.

धाकटीनं सुई भरली आणि बाईंच्या दंडावर कापूस फिरवला. "काही नाही बाई, मुंगी चावते..."

"मला मुंगी सांगू नकोस! मीच पाळलीय ती."

"बरं. तीन म्हटलं की देते हं."

"लबाड! दोनला देणारेस. मीच शिकवलंय तुला."

अख्खा बाक मोजायला लागला, "एऽऽक!"

बाईंनी डोळे गच्च मिटले. "थांबा, दोन म्हणू नका! तयारी नाही झाली माझी. आधी सांगा, मी पांढरी पडलेय का? नाही ना? मग दे बाई एकदाची, किती टांगून ठेवशील!"

"दिलं की," धाकटी कापूस दाबत म्हणाली. "एकलाच."

बाईंनी एक डोळा उघडला. दंडाकडे पाहिलं. मग दुसरा उघडला. आणि अशा खदखदून हसल्या की खुर्चीवरून पडता पडता वाचल्या, तेवढंच काय ते पडणं. सासूबाईंनी कबूल केल्याप्रमाणे हसून घेतलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

नियमानं बाईंना अर्धा तास बाकावर बसावं लागलं. तिथे त्या डावा हात मांडीवर ठेवून येईल-जाईल त्याला सांगत होत्या, "कळलंसुद्धा नाही हो." तोवर धाकटीनं तिघांना देऊन टाकलं. काका मात्र अडून बसले. "मी बाईंच्याच हातून घेणार."

अर्धा तास झाला. काका खुर्चीत बसले, दंड दगडासारखा घट्ट. "तुमची युक्ती फुटलीय. एकला काय, दोनला काय, मी तयार आहे."

"एक," बाई म्हणाल्या. काही नाही. "दोन." काही नाही. "तीन." तरी काही नाही.

"अहो, देणार आहात की..."

"काका, फलाट तिकिटावर कुणी गाडीत चढला, तर दंड कुठल्या स्टेशनपासून लावायचा हो?"

"हां, तो नियम लोकांना ठाऊकच नसतो." काका खुलले, खांदे सैल सोडून वळले. "त्याचं असं आहे..."

"झालं. उठा."

मी लाल ओळ हिरवी केली. काका अजून नियमच सांगत होते.